दुरुस्तीआधीचे वाचन

साहित्यविषयक लेखनाच्या या जागी व्यायामयंत्राचा पट्टा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आमचे म्हणणे असे की, तुटलेला पट्टा बदलणे हे हातोटीचे काम असले, तरी त्याआधी ते वाचनाचे काम आहे. आणि हे वाचन यंत्राच्या मालकाला पद्धतशीरपणे नाकारले जात आहे.

घरात सायकल चालवण्यासाठी जी ‘ट्रेनर’ यंत्रे मिळतात, त्यांच्या एका प्रकारात सायकलीचे मागचे चाक काढून साखळी थेट यंत्राच्या दातेरी चक्रांवर चढवतात. आतल्या मोठ्या कप्पीवरून एक रबरी पट्टा लहान कप्पीकडे जातो व जड फ्लायव्हील फिरवतो. विद्युतचुंबकाने फ्लायव्हीलला रोध केला की चढ चढत असल्याचा अनुभव येतो. पट्टा तुटला की पायडल मोकळेच फिरते. बाकीचे यंत्र मात्र धडधाकट असते.

आमच्यापैकी एकाच्या घरी असा पट्टा तुटला, तेव्हा विक्रेत्याचे उत्तर आले : पट्टा सुटा मिळत नाही, यंत्र बदलून घ्या. सोबतच्या माहितीपुस्तिकेत या विषयावर एकच वाक्य होते, झाकण उघडू नये.

वस्तुतः अशा पट्ट्याची ओळख बहुधा त्याच्या पाठीवरच छापलेली असते. ‘४८० जे ६’ असा आकडा असेल, तर लांबी ४८ इंच, म्हणजे १२१९ मिलिमीटर. ‘जे’ हा उभ्या धारांचा प्रकार, ज्यात दोन धारांमधले अंतर २.३४ मिलिमीटर, आणि धारा सहा. हाच पट्टा अन्यत्र ‘६ पीजे १२१९’ असा लिहिला जातो. कपडे धुण्याच्या अनेक यंत्रांतही याच जातीचा पट्टा असतो. त्यामुळे पट्टे आणि बेअरिंगे विकणाऱ्या दुकानात तो अनोळखी नसतो. अक्षरे पुसली गेली असतील, तर तुटलेला पट्टा सरळ पसरून लांबी मोजावी, धारा मोजाव्यात आणि जवळचे प्रमाणित माप शोधावे. झिजलेल्या पोथीतील पाठ निश्चित करणाऱ्या अभ्यासकाला ही रीत परकी वाटू नये.

पट्टा का तुटला, हेही त्याच्यावर वाचता येते. एकाच बाजूची कड उसवली असेल, तर कप्प्या एका रेषेत नसाव्यात. धारा चकचकीत झाल्या असतील, तर ताण कमी पडून पट्टा घसरत व तापत असावा. उलट ताण फाजील झाला, तर त्याची किंमत बेअरिंगांना मोजावी लागते. तुटका पट्टा डिंकाने सांधण्यात अर्थ नाही. भार पेलतात ते आतले दोरे, आणि तेच तुटलेले असतात. नवा पट्टा चढवताना वीजजोडणी काढावी, ताण सैल करावा, पट्टा आधी लहान कप्पीवर बसवून मोठी कप्पी हाताने फिरवत वर घ्यावा. स्क्रूड्रायव्हरने रेटू नये. शेवटी वेग घेऊन यंत्र आपोआप थांबू देण्याची ‘स्पिनडाउन’ चाचणी करावी, म्हणजे शक्तीचे मापन पुन्हा जुळते.

सुरक्षितता आणि मापनाची अचूकता ही कारणे उत्पादक पुढे करतात. ती खोटी नाहीत, आणि हमीची मुदत असेतो झाकण न उघडणेच शहाणपणाचे. परंतु जोखीम सांगणे वेगळे आणि पट्ट्याचा क्रमांक न सांगणे वेगळे. पहिल्यात वापरणाऱ्याची काळजी आहे. दुसऱ्यात त्याला निरक्षर ठेवण्याची सोय आहे.

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये या विषयावर निर्देश संमत केला. त्या वेळच्या यादीत धुलाईयंत्रे व शीतकपाटे होती, व्यायामयंत्रे नव्हती. यादीत नाव येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. सुट्या भागांचे क्रमांक माहितीपुस्तिकेत छापावेत, एवढी साधी मागणी ग्राहक म्हणून आपण आजच करू शकतो.

आणि मराठीचे अध्यापक म्हणून? पिठाच्या गिरणीवर ‘पट्टा उतरला’, ‘पट्टा चढवला’ हे शब्द नित्याचे आहेत. कप्पी, खाच, ताण, वंगण हे सारे आपल्या भाषेत आहे. नाही ते या शब्दांतले नेमके, निःसंदिग्ध सूचनापर गद्य. ‘व्यावहारिक मराठी’च्या तासाला आपण अर्ज, इतिवृत्त आणि जाहिरात शिकवतो. त्यांच्या जोडीला पट्टा बदलण्याच्या सूचनांचे एक पान विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावे, आणि ज्याने यंत्र कधी उघडलेले नाही, अशा दुसऱ्या विद्यार्थ्याने ते वाचून पट्टा चढवावा. पट्टा नीट बसला, तर गद्य उत्तीर्ण. आपल्या अनेक उत्तरपत्रिकांना, आणि समीक्षालेखांनाही, इतकी कठोर परीक्षा क्वचितच द्यावी लागते.