कॅज्युअल्टी वाचवायची, तर दवाखाना रात्री उघडा हवा

सर्दी-तापाचे पेशंट कॅज्युअल्टीत येतात आणि सरकारी पैसा वाया जातो, असं सर्रास म्हटलं जातं. हिशेब मांडला तर ते अर्धंच खरं ठरतं. कॅज्युअल्टीचा बराचसा खर्च पेशंट दारात येण्याआधीच झालेला असतो. डॉक्टर, परिचारिका, ऑक्सिजन, व्हेंटिलेटर, एक्स-रे हे सगळं पहाटे तीनलाही सज्ज लागतं, मग पेशंट एक येवो की शंभर. अमेरिकेत मिशिगनमधल्या सहा रुग्णालयांचा अभ्यास 1996 साली प्रसिद्ध झाला. किरकोळ दुखण्याच्या पेशंटमागे सरासरी खर्च निघाला 62 डॉलर, पण असा आणखी एक पेशंट तपासण्याचा वाढीव खर्च होता अवघा 24 डॉलर. अशा पेशंटना परत पाठवून तिजोरीत फारसं काही उरणार नाही.

जातो तो वेळ. मुंबईत केईएम, सायन, नायर रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत लोकलखाली सापडलेला, हार्ट अटॅकचा, विष प्यायलेला आणि चार दिवसांच्या खोकल्याचा, सगळे एकाच दारातून आत येतात. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. तुंबलेल्या गर्दीत गेलेली पंधरा मिनिटं एखाद्याची वाचा कायमची घेऊन जाऊ शकतात. ही किंमत कुठल्याही बजेटात दिसत नाही.

पण म्हणून रांगेतल्या माणसावर डाफरू नका. ओपीडी सकाळची, आणि कामावर खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी बुडाली. पालिकेचे बरेच जुने दवाखाने संध्याकाळच्या आत बंद होतात. खासगी डॉक्टरची फी, वर औषधं. लोकांकडची घरकामं उरकून रात्री आठला घरी पोचलेल्या आईने तापाने फणफणलेलं मूल घेऊन जायचं कुठे? (तो ताप साधा की मेंदूज्वराचा, हे तिने घरबसल्या ओळखावं, ही अपेक्षा तर निव्वळ उद्धटपणाची आहे.)

यावरचा उपाय मुंबईने कागदावर कधीच मान्य केला आहे. 2022 साली सुरू झालेली पालिकेची ‘आपला दवाखाना’ योजना रात्री दहापर्यंत मोफत उपचार देण्यासाठीच आहे. पण पाटी लावल्याने दवाखाना चालत नाही. तेव्हा या आठवड्यात रात्री नऊला आपल्या वस्तीतल्या दवाखान्यात जाऊन या. दार उघडं आहे का, डॉक्टर बसलेत का, औषधं मिळतात की बाहेरची चिठ्ठी? उणीव दिसली तर सोसायटीच्या, चाळ कमिटीच्या, महिला मंडळाच्या सह्या घेऊन वॉर्ड ऑफिसात अर्ज द्या आणि पोच घ्या. मत मागायला येणाऱ्यालाही आधी हेच विचारा.

दवाखाना चालू असेल, तर साध्या दुखण्याला तिथेच जा, शेजाऱ्यांनाही सांगा. छातीत कळ आली, तोंड वाकडं झालं, श्वास कोंडला, तर मात्र मिनिटभरही न थांबता 108 फिरवा.