भाव रुमालाखाली नको

आज जरा वेगळ्या विषयावर लिहितो आहे. निमित्त घरातलंच आहे. आमच्या भाच्याचा मुलगा परभणीत फोटोग्राफी करतो. लग्न, साखरपुडा, बारसं, शाळांची स्नेहसंमेलनं, मिळेल ते काम. त्यानं स्वतःचं संकेतस्थळ तयार केलं आणि शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे दिलं. निवृत्त मास्तराच्या वाट्याला अशीच कामं येतात. फोटो खरोखर सुरेख होते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका भरपूर होत्या, त्या दुरुस्त केल्या. मग ‘आमचे दर’ हे पान उघडलं. फुलांच्या नक्षीदार चौकटीत तिथे एकच ओळ होती : ‘दरांसाठी संपर्क करा.’

दरांच्या पानावर दरच नाहीत! विचारलं तर म्हणाला, “आजोबा, आकडा लिहिला तर लोक फोनच करत नाहीत. आधी बोलायचं, माणूस पाहायचा, मग भाव सांगायचा.”

हे ‘माणूस पाहायचा’ मला खटकलं. त्याचा एकट्याचा यात दोष नाही. अशी अनेक पानं मी नंतर मुद्दाम पाहिली, बहुतेकांचा हाच प्रकार. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आमच्या पिढीनं जनावरांचा बाजार पाहिलेला आहे. तिथे दलाल रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरवायचे. भोवती उभ्या असलेल्यांना आकडा कळायचा नाही. पुढे बाजार समितीच्या आवारात शेतमालाचा उघड लिलाव होऊ लागला, तेव्हा भाव निदान चार लोकांच्या कानावर पडू लागला. जे बैलाच्या बाबतीत आपल्याला जुनाट वाटतं, ते संगणकाच्या पडद्यावर आलं की आधुनिक कसं होतं? ‘संपर्क करा’ म्हणजे नवा रुमालच.

आता फोन करणारा माणूस कोण असतो ते पाहा. मानवत, सेलू, जिंतूरकडचा एखादा शेतकरी. कापसाचे पैसे आले, त्यात मुलीचं लग्न बसवायचं आहे. मांडव, जेवण, आहेर यांचा हिशेब त्याला बोटांवर मांडता येतो, कारण ते भाव गावात सगळ्यांना ठाऊक असतात. फोटोवाल्याचा भाव मात्र ठाऊक नसतो. विचारायचा संकोच वाटतो. आकडा ऐकून ‘परवडत नाही’ म्हणणं तर व्याह्यांच्या ओळखीच्या माणसापुढे नको वाटतं. मग तो एक तर फोनच करत नाही, नाही तर न पेलणारा आकडा कबूल करून बसतो. पानावर भाव असता तर त्यानं घरी, रात्री, बायकोशी बोलून निवांत ठरवलं असतं. लिहिलेला भाव गरजू माणसाची लाज राखतो.

बरं, दर लिहिणं म्हणजे नुसता आकडा टाकणं नव्हे. समजा, पानावर लिहिलं ‘लग्न : ४०,००० रुपये’. (हे आकडे समजुतीपुरते आहेत.) नंतर कळतं, दुसरा कॅमेरावाला हवा असेल तर ८,००० वेगळे, अल्बमची जादा पानं ६,०००, गाडीभाडं ३,०००. झाले ५७,०००. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकांना फसवणाऱ्या अशा १३ क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांतल्या एकीचं नाव ‘ड्रिप प्रायसिंग’, म्हणजे किंमत आधी पूर्ण न सांगता थेंबाथेंबानं वाढवत नेणं. ठिबक शेतात चांगलं, बिलात नव्हे!

मग पानावर काय असावं? प्रश्नपत्रिकेत प्रत्येक प्रश्नापुढे गुण छापलेले असतात. दोन गुणांच्या प्रश्नाला दोन पानं लिहायची नाहीत, हे मुलाला त्यावरून कळतं. दरांचं पानही तसंच हवं : एवढ्या पैशांत एवढं काम. किती तास, किती कॅमेरे, निवडून दुरुस्त केलेले फोटो किती, व्हिडिओ आहे की नाही, अल्बमची पानं किती, आणि सगळं हातात किती दिवसांत येणार. यातलं शेवटचं फार महत्त्वाचं. नातवंड झालं तरी अल्बम आला नाही, अशी घरं माझ्या पाहण्यात आहेत.

दर तीनच ठेवावेत. लहान घरगुती कार्य, एका दिवसाचं लग्न, हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं. सात-आठ प्रकार मांडले की वाचणारा गोंधळतो. परभणीबाहेर जायचं तर भाडं कसं आकारणार, आगाऊ रक्कम किती, तारीख पुढे गेली किंवा घरात दुःखद प्रसंग घडला तर तिचं काय, हेही तिथेच लिहावं. जीएसटी लागत असेल तर तो धरून रक्कम सांगावी. आणि हे सगळं मराठीत, मोबाइलवर चष्म्याशिवाय वाचता येईल अशा अक्षरांत. ‘अटी लागू’ची मुंगीएवढी अक्षरं नकोत.

आणखी एक ओळ हवीच. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कदार तो काढवून घेणारा असतो. म्हणजे नमुना म्हणून कुणाच्या लेकीचा फोटो संकेतस्थळावर झळकवायचा, तर आधी विचारायला हवं. ‘तुमच्या लेखी संमतीशिवाय फोटो कुठेही वापरणार नाही’ हे वाक्य दरांच्या पानावर असलं, तर मुलीच्या आईबापाला ते कुठल्याही सवलतीपेक्षा मोलाचं वाटेल.

आता दुसरी बाजू. फोटोग्राफर म्हणतात, भाव लिहिला की शेजारचा स्टुडिओ हजार रुपयांनी कमी लावतो. लावू द्या. अहो, तुमचा भाव त्याला एका फोनवर आजही कळतोच, कळत नाही तो फक्त गिऱ्हाइकाला. दुसरं म्हणतात, प्रत्येक लग्न वेगळं असतं. खरं आहे. मग ‘इतक्यापासून पुढे’ लिहा, आणि पुढे कशामुळे जातं तेही लिहा. तिसरी तक्रार मात्र मला मनापासून पटते : ‘लोकांना वाटतं, बटण तर दाबायचंय, त्याचे एवढे पैसे?’

पण या तक्रारीचं उत्तरही दरांच्या पानातच आहे. जॉर्ज ईस्टमननं १८८८ मध्ये अमेरिकेत कोडॅक कॅमेरा आणला. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंची फिल्म भरलेली. ती संपली की कॅमेरा कारखान्यात पाठवायचा, १० डॉलरमध्ये फोटो तयार होऊन, नवी फिल्म भरून परत. बटण दाबण्याचं काम गिऱ्हाइकाचं. ते १० डॉलर होते बटणामागच्या कामाचे, आणि त्या कामाची किंमत वेगळी, स्पष्ट ठरलेली होती. आपल्या फोटोग्राफरांनी तेच करावं. बारा तास उभं राहणं, हजारो फोटोंतून निवड, रात्र रात्र संगणकापुढे बसून रंग सुधारणं, कॅमेऱ्याचे हप्ते, हे दोन-चार सरळ वाक्यांत दरांखाली लिहावं. जे काम दिसत नाही त्याचे पैसे लोकांना जड वाटतात. दाखवा म्हणजे कळेल.

आमचा हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या दरबाराचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ. सहाव्या निजामानं त्यांना ‘राजा’ किताब दिला. तेव्हा असे फोटो राजवाड्यांचे, सरदारांचे आणि साहेबांचे. आज सालगड्याच्या घरातही लेकीच्या लग्नाचा अल्बम असतो, आणि तो घरातल्या देव्हाऱ्याइतका जपला जातो. कला एवढी घराघरांत पोचली, मग तिचा भाव दारामागे का ठेवायचा?

माझं म्हणणं एवढंच. पानावर छापलेला भाव सावकाराला आणि मजुराला सारखाच दिसतो. तिथे कुणाची गाडी, कुणाचं धोतर पाहून आकडा बदलता येत नाही. घासाघीस कमी होईल, काही फोन कमी येतील हेही मान्य. पण जे येतील ते भाव वाचून, पैशांची जुळवाजुळव करून आलेले असतील. अशा माणसाशी बोलणं दोघांनाही सोपं जातं.

तुमच्यापैकी कुणी व्यवसाय करत असेल, किंवा घरात नुकतंच कार्य झालं असेल, तर तुमचं मत जरूर कळवा. विरोधी असलं तर आधी कळवा.