‘छान’च्या पलीकडे

काशीच्या दशाश्वमेध घाटावरील गंगा आरतीचे छायाचित्र हौशी छायाचित्रकारांच्या मेळाव्यात हमखास असते. त्यावर मिळणारा अभिप्रायही ठरलेला : ‘छान!’ सौजन्य म्हणून ते ठीक. परंतु छायाचित्र घेणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही.

वस्तुतः १८व्या शतकात पेशव्यांनी बांधविलेल्या या घाटाविषयी (मराठी यात्रेकरूस याचे कौतुक असतेच) छायाचित्रकारांनी परस्परांना सांगावे असे पुष्कळ आहे. घाट गंगेच्या पश्चिम तीरावर, पूर्वाभिमुख. सकाळचे ऊन थेट पायऱ्यांवर येते. सायंकाळी सूर्य मागील वस्तीआड जातो आणि आरतीच्या वेळी उजेड उरतो तो ज्योतींचा व विजेच्या दिव्यांचा. भोवतालच्या अंधारास अनुसरून प्रकाश जास्त घेतला, की ज्योती पांढऱ्याफटक पडतात. ज्योतींना अनुसरून कमी घेतला, तर पुजाऱ्याचा चेहरा काळवंडतो. ‘ज्योतीचा केशरी रंग हरवला, प्रकाश थोडा कमी हवा होता’, एवढे एक वाक्य नवशिक्यास पुढील खेपेस उपयोगी पडते. ‘नावेतून घेऊन पाहिले का?’ हा प्रश्न तर त्याला जागचा हलवतो.

काही अभिप्राय मात्र तंत्राचे नसतात. ओलेत्याने पायरीवर उभ्या असलेल्या वृद्धेचे चित्र कितीही रेखीव असो, ‘त्यांना विचारले होते का?’ असे कोणी म्हटले, तर ते वर्मी लागते. लागू द्यावे. विचारल्यावर ती सावरून उभी राहील, क्षणाची सहजता जाईल, हे खरेच. पण त्या सहजतेचे मोल तिने का द्यावे?