ज्येष्ठांची साक्ष नोंदवा




उन्हाळा लागला की सूचना येतात: लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्धांनी दुपारी १२ ते ३ घराबाहेर पडू नये. सूचना योग्यच आहे. पण हवामानबदलाच्या सरकारी कागदांत साठी ओलांडलेल्या माणसाचा उल्लेख बहुधा इथेच संपतो. त्याला जपायचे ठरते, विचारायचे कुणालाच सुचत नाही. माझी हरकत याला आहे.

पुण्याचेच घ्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचा लोंढा अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनीतल्या घरांत घुसला. शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. थोडक्या तासांत धो धो कोसळणारा पाऊस यापुढे वाढत जाणार, असे हवामानशास्त्रज्ञ सांगत आहेत. तो पाऊस थोपवणे महापालिकेच्या हातात नाही, पण पाण्याची वाट मोकळी ठेवणे नक्कीच आहे. ती वाट कुठून जात होती, पात्र कुठे आवळले, कोणती विहीर भराव टाकून बुजवली, कोणत्या नाल्यावर आज पार्किंग आहे, हे सांगणारी माणसे त्याच गल्ल्यांत राहतात. १९६१ चा पानशेतचा पूर पाहिलेलेही अजून आपल्यात आहेत. मात्र दरवर्षी थोडे कमी होत आहेत. नालेसफाईची निविदा निघते, पूररेषेचे नकाशे होतात, पण या माणसांसमोर नकाशा पसरून ‘इथे काय होते?’ असे विचारण्याची रीतच आपल्याकडे नाही.

म्हाताऱ्यांच्या आठवणींवर विसंबायचे कसे, असे अभियंते म्हणतील. विसंबू नका, पडताळा. सिटी सर्व्हेचे जुने नकाशे आहेत, हवामान खात्याच्या शिमला ऑफिसकडे पावसाच्या जुन्या नोंदी आहेत. कुठे शोधायचे ते आठवण सांगेल, खरे-खोटे कागद ठरवेल. गावागावांत लोकजैवविविधता नोंदवही करण्याची तरतूद २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली झाली, ती स्थानिक लोकांना आपल्या परिसराची माहिती असते हे मान्य करूनच. मग शहरातल्या ओढ्याला वेगळा न्याय का?

झाडांच्या बाबतीत तर हा प्रश्न थेट कायद्याचा आहे. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन आले. म्हणजे सारे येऊन ठेपले झाडाच्या वयावर. ते वय अंदाजाने कमी लिहिले गेले, तर वारसा वृक्षाचे संरक्षणच निघून जाते. समोरच्या वाड्यातल्या आजी सांगू शकतात की हा पिंपळ त्या लग्न होऊन आल्या तेव्हाही तिसऱ्या मजल्याला भिडला होता. त्यांचा जबाब पंचनाम्याला जोडला का जात नाही? तोडीची नोटीस झाडावर लागते, हरकतीची मुदत जेमतेम आठवड्याची. नोकरदार माणूस ती वाचेपर्यंत करवत चाललेली असते. रोज सकाळी त्याच रस्त्याने फिरणारा निवृत्त माणूस ती पहिल्याच दिवशी वाचतो.

ज्येष्ठांनी आवाज उठवल्याचे उदाहरण परदेशात आहे. स्वित्झर्लंडच्या ज्येष्ठ महिलांनी तर हवामानबदलाच्या प्रश्नावर सरकारलाच न्यायालयात खेचले. उष्णतेच्या लाटांचा धोका वृद्ध स्त्रियांना अधिक असतो, हा त्यांचा मुद्दा होता. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ९ एप्रिल २०२४ रोजी त्यांच्या संघटनेच्या बाजूने निकाल दिला. दोन हजारांहून अधिक सभासदांच्या त्या संघटनेने दया मागितली नव्हती, सरकारकडे जाब मागितला होता.

आता दोन शब्द माझ्याच वयाच्या मंडळींना. आपल्याकडे नुसत्या आठवणी नाहीत, सह्यांचा अधिकारही आहे. जुन्या सोसायट्यांतले बहुतेक सभासद आपणच आहोत. पुनर्विकासाच्या करारावर सही करताना आपण किती चौरस फूट जास्त मिळणार हे दहादा विचारतो. आवारातली विहीर राहणार का, मोकळी माती किती उरणार, आंब्याचे झाड नकाशात आहे का, हेही तितक्याच हट्टाने विचारले पाहिजे. ‘आता आमचे काय राहिले’ म्हणून यातून अंग काढून घेणे मला पटत नाही. त्या इमारतीत आपली नातवंडे राहणार आहेत.

ज्येष्ठ नागरिक संघ जवळजवळ प्रत्येक भागात आहेत. वाढदिवस, सहली, आरोग्याची व्याख्याने हे सगळे हवेच. त्याबरोबर प्रत्येक संघाने मे महिन्यात आपल्या भागातल्या ओढ्याच्या काठाने एक फेरी काढावी. ज्यांना चालवत नाही, त्यांच्याकडे घरी जाऊन माहिती लिहून घ्यावी. अडलेल्या जागा, बुजलेल्या विहिरी आणि जुनी झाडे नकाशावर मांडून तो क्षेत्रीय कार्यालयात द्यावा आणि पोच घ्यावी. महापालिकेने त्यातल्या प्रत्येक नोंदीची पाहणी करून पावसाळ्यापूर्वी लेखी उत्तर द्यावे, आणि प्रभागाच्या पूर व वृक्षविषयक बैठकांना संघाचा एक प्रतिनिधी बोलवावा. यासाठी नवा निधी लागत नाही. आयुक्तांनी एक परिपत्रक काढले तरी येत्या मे महिन्यापासून सुरुवात होऊ शकते.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, सहकारनगर, पुणे