भांग, तेल आणि औषधाची बाटली



गेल्या वर्षी पावसाळा ओसरत असताना सत्तरीच्या घरातील एक आजी आणि त्यांच्या सूनबाई पुणतांब्यातील माझ्या दवाखान्यात आल्या. आजींनी पिशवीतून तीन बाटल्या काढून टेबलावर ओळीने मांडल्या. दोन रिकाम्या, एक निम्मी. "डॉक्टर, पाच महिने झाले. तुमचं औषध काही लागू पडंना," एवढेच म्हणाल्या आणि पदर पुन्हा पुढे ओढून घेतला.

नातीच्या लग्नाच्या फोटोंत त्यांना स्वतःचा भांग पहिल्यांदा वरून दिसला होता. मधोमध रुंद झालेला, खालची कातडी दाखवणारा. तेव्हापासून भजनी मंडळात त्या मागच्या रांगेत बसू लागल्या होत्या. मी त्यांचे हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासले होते, दोन्ही ठीक होते. वयानुसार व आनुवंशिकतेने होणारी ही विरळता आहे असे सांगून मी मिनॉक्सिडिलचे द्रावण लिहून दिले होते.

"कसे लावता ते दाखवा," असे मी सूनबाईंना म्हटले, आणि पाच महिन्यांचा हिशेब पाच मिनिटांत उलगडला. सकाळी आंघोळीनंतर खोबरेल तेल चोपडून केस विंचरायचे, घट्ट अंबाडा घालायचा, त्यावर औषधाचे थेंब टाकायचे आणि पदर घ्यायचा. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या पुन्हा तेच. गुण येत नाही म्हणून शेवटचे पंधरा दिवस मात्रा दुप्पट केलेली. आणि जाता जाता सांगितलेली गोष्ट अशी, की हल्ली रात्री लघवीला उठले की आजींना गरगरते, परवा तर खाटेची कड धरली म्हणून पडल्या नाहीत.

मी माझीच जुनी चिठ्ठी मागून घेतली. तीवर माझ्या अक्षरात लिहिले होते : दिवसातून दोन वेळा केसांना लावणे. त्या घराने डॉक्टरांचे शब्दशः ऐकले होते. चूक 'केसांना' या शब्दात होती, आणि तो शब्द माझा होता. हे औषध केसांचे नाही, केसांच्या मुळाशी असलेल्या त्वचेचे आहे. आपल्या भागात ठिबकची नळी पानांवर बांधणारा शेतकरी शोधून सापडणार नाही; पण बाटलीतले औषध पानांवर घालणारी घरे पुष्कळ आहेत.

मिनॉक्सिडिल मुळात केसांसाठी जन्मलेच नाही. सत्तरच्या दशकात ते उच्च रक्तदाबावरील गोळी म्हणून पुढे आले. गोळ्या घेणाऱ्यांच्या कपाळावर, हातांवर लव वाढू लागली तेव्हा संशोधकांना दुसरी वाट दिसली, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याच्या द्रावणाला टकलावरील उपचार म्हणून मान्यता मिळाली. हा इतिहास ज्येष्ठांनी लक्षात ठेवावा, कारण त्वचेतून अल्प प्रमाणात रक्तात शिरणारे हे औषध रक्तवाहिन्या सैल करणारेच आहे. नेमून दिलेल्या मात्रेत सहसा काही जाणवत नाही. पण मात्रा दुप्पट, त्वचा खाजवून सोललेली आणि सोबत रक्तदाबाची गोळी, असे जुळून आले तर गरगरणे, छातीत धडधडणे किंवा पावलांवर सूज येणे शक्य असते. आजींचा रक्तदाब मी बसवून आणि उभे करून मोजला. उभे राहताच वरचा आकडा वीसने उतरला. दोष सर्वस्वी द्रावणाचाच होता असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, वयही आपले काम करीत असते. तरीही दोन आठवडे बाटली बंद ठेवली. काही देशांत या औषधाच्या वेष्टनावर ६५ वर्षांपुढील व्यक्तींनी ते आपल्या मनाने वापरू नये असे छापलेले असते. हृदयविकार किंवा रक्तदाबाचा उपचार चालू असणाऱ्या वाचकांनी दुकानातून परस्पर बाटली आणू नये, ही माझी आग्रहाची विनंती.

त्याआधी केस गळतात तरी कशाने, हे पाहायला हवे. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे. डेंग्यू, चिकनगुनिया, टायफॉइड किंवा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ निघतात, आणि बहुधा आपोआप परत येतात. चट्ट्यासारखे जाणारे केस, खवले किंवा गुळगुळीत चकाकणारी कातडी दिसली तर त्वचारोगतज्ज्ञांकडेच जावे. २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव आणि आसपासच्या गावांतील लोकांचे केस काही दिवसांतच हातात येऊ लागले, हे आपण वाचले असेल. तेथे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी आपल्या तपासणीतून रेशनच्या गव्हातील सेलेनियमच्या वाढलेल्या प्रमाणाकडे बोट दाखवले. अशा ठिकाणी कोणते द्रावण काय करणार?

आता दिनक्रमाकडे वळू. आपल्याकडील वडीलधाऱ्यांची सकाळ ठरलेली असते, आणि ती मोडून औषध बसवू पाहिले तर आठ दिवसांत बाटली फडताळात जाते. म्हणून मी सकाळ मोडत नाही, फक्त क्रम बदलायला सांगतो. आंघोळ, देवपूजा, चहा हे सारे आटोपू द्यावे. पूजेआधी औषध मुळीच नको. द्रावणात अल्कोहोल असते, ते पेट घेते; ओल्या डोक्याने निरांजन ओवाळणे किंवा चुलीपुढे वाकणे धोक्याचे. पूजा झाली की कोरड्या डोक्यावर फणीने भांग पाडावा, उघडी झालेली त्वचा दिसली पाहिजे, आणि नळीतून तेथे थेंब सोडावेत. मग बोटभर अंतरावर दुसरा भांग, तिसरा, चौथा. एका वेळेला एकूण १ मिलिलिटर, त्याहून थेंबही अधिक नाही. बोटाच्या टोकाने हलकेच पसरावे, चोळू नये. कपाळावर ओघळ आला तर लगेच पुसावा, नाहीतर लव तेथेही येते. स्त्रियांच्या गालांवर, कपाळावर लव आल्याची तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. त्यानंतर वाऱ्यावर सुकू द्यावे. केस वाळवण्याच्या गरम यंत्राची गरज नाही. पूर्ण सुकल्याखेरीज पदर, टोपी, मफलर काही नको. टोपी न घालता चारचौघांत बसणे ज्यांना अवघड वाटते अशा आजोबांसाठी हा अर्धा तास वर्तमानपत्राला द्यावा.

तेलाचे काय, हा प्रश्न मला सर्वाधिक विचारला जातो, आणि तो विचारताना आवाजात थोडी भीती असते. तेल सोडा असे मी सांगत नाही. सत्तर वर्षे जे हात तेल लावत आले त्यांना ते सोडवत नाही, आणि मला त्यात पडायचेही नाही. फक्त त्वचेवर तेलाचा थर असताना औषध नीट पोहोचत नाही. ज्या दिवशी डोक्यावरून न्हायचे असेल त्या दिवशी तासभर आधी हवे तेवढे तेल चोळावे, मग शिकेकाई किंवा शाम्पूने धुवावे आणि केस पूर्ण कोरडे झाल्यावर औषध लावावे. इतर दिवशी रुक्षपणा वाटला तर औषध सुकल्यानंतर केसांच्या टोकांना तेलाचा हात फिरवावा. औषध लावल्यापासून निदान चार तास डोके धुऊ नये. अंबाडाही सैल घालावा. घट्ट ओढलेल्या केसांची मुळे वर्षानुवर्षांच्या ताणाने थकतात.

रात्रीची मात्रा हीच खरी अडचणीची. औषध अंथरुणात पडण्यापूर्वी दोन तास लागलेले हवे, नाहीतर निम्मे उशीला मिळते आणि उशीवरून गालाला. दिवाबत्ती झाली, जेवण झाले की आठच्या सुमारास लावावे, दहाला झोपावे. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी दिवसातून एकदाच लावण्याची पद्धतही आहे. तीव्रता कोणती आणि किती वेळा हे आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे. सेवा करणाऱ्या घरच्या माणसाला आधीच औषधांच्या वेळा, साखर मोजणे, पथ्य हे सांभाळायचे असते. त्याला झेपणारी एक मात्रा न झेपणाऱ्या दोन मात्रांपेक्षा मला अधिक मोलाची वाटते. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट लावू नये.

कलपाच्या दिवशी औषधाला सुट्टी द्यावी. बाजारातल्या काळ्या मेंदीत बहुधा कलपातलेच रसायन असते, त्याने त्वचा लाल होऊन खाज सुटली तर ती पूर्ण बरी होईपर्यंत बाटली उघडू नये. द्रावणातील प्रॉपिलिन ग्लायकॉलनेही काहींना कोंड्यासारखे पापुद्रे येतात. अशांना हा घटक नसलेला फेस चालू शकतो, महाग पडतो ही गोष्ट वेगळी.

सेवा करणाऱ्यांसाठी आणखी काही, आणि हे कृपया दोनदा वाचावे. आपण औषध लावून देत असाल तर हातमोजे घाला किंवा नंतर साबणाने हात धुवा. घरात तान्हे मूल असेल तर ओल्या डोक्याच्या आजी-आजोबांनी त्याला छातीशी, खांद्याशी घेऊ नये. युरोपातील औषध नियामकांनी २०२४ मध्ये याबाबत इशारा दिला. पालकांनी लावलेल्या औषधाशी संपर्क आल्याने तान्ह्या मुलांच्या अंगावर दाट लव आल्याचे आढळले होते. संपर्क थांबल्यावर ती काही महिन्यांत ओसरली. मांजर पाळलेल्या घरांत अधिक जपावे, तिच्यासाठी हे औषध जीवघेणे ठरू शकते. आणि बाटली. तिला ड्रॉपर असतो, ती कानाच्या किंवा डोळ्यांच्या औषधासारखी दिसते. विस्मरण असलेल्या व्यक्तीच्या उशाशी ती ठेवू नका. पोटात गेल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या उतरतो. तसे घडल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

सुरुवातीच्या दोन ते सहा आठवड्यांत केस अधिक गळतात, आणि येथेच बहुतेक घरे माघार घेतात. नवा केस उगवताना जुना, विसावलेला केस ढकलला जातो, म्हणून ही गळ. फरक दिसू लागायला चार महिने, खरा निवाडा करायला वर्ष. बंद केले की तीन-चार महिन्यांत मिळालेले हळूहळू जाते. हा खर्च आणि ही कामगिरी कायमची आहे हे ठाऊक असूनच सुरुवात करावी. ज्यांना ते नको वाटते त्यांच्या विरळ केसांना मी कधी रोग म्हटलेले नाही.

परंतु ज्यांना हवे आहे त्यांना "या वयात आता केसांचं कौतुक कशाला" असे म्हणू नये. आजींना घरातच कोणीतरी तसे म्हटले होते. त्यांचे यजमान जाऊन नऊ वर्षे झाली आहेत. विधवांचे केशवपन करणार नाही म्हणून मुंबईच्या नाभिकांनी १८९० च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने संप केला होता. त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, तरी म्हातारीने आरशात पाहणे आपल्याला खटकते. ज्या गावात चांगदेवांची समाधी आहे आणि त्यांच्या चौदाशे वर्षांच्या आयुष्याची कथा ज्येष्ठांनी लहानपणापासून ऐकली आहे, तेथे सत्तरी म्हणजे काही फार झाले नाही, असे मी सूनबाईंना हसत म्हणालो. त्या हसल्या नाहीत, आजी हसल्या.

दोन आठवड्यांनी रक्तदाब स्थिर झाल्यावर आम्ही पुन्हा सुरुवात केली. रोज एकदा, पूजेनंतर, उघड्या भांगावर. चिठ्ठीवर या वेळी मी 'डोक्याच्या त्वचेला' असे लिहिले आणि त्याखाली रेघ मारली. दर महिन्याच्या एक तारखेला त्याच खिडकीशी, त्याच उजेडात भांगाचा फोटो काढायला सांगितले. सहाव्या महिन्यात फोटो शेजारी शेजारी ठेवले तेव्हा मधली पट्टी किंचित अरुंद झालेली दिसली, कडेला बारीक, मऊ केस होते. फार नाही. आजींनी चष्मा पुसून दोन्ही फोटो पुनःपुन्हा पाहिले आणि तेल केवळ शनिवारीच का, दुसरा एखादा वार चालेल का, असे विचारले. चालेल, मी म्हणालो, न्हाण्याचा दिवस असला म्हणजे झाले.