तिसऱ्या भिडूचे काय?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने गणिताविषयी लेख लिहावा, हे आमच्या काही प्राध्यापकांना रुचणार नाही आणि मित्रांना तर मुळीच नाही. दहावीनंतर गणिताला कायमचा रामराम करता यावा, एवढ्याचसाठी आपल्यातील कितीतरी जण या शाखेत आलेले आहेत! परंतु मला जे लिहायचे आहे ते पाठ्यपुस्तकातील गणिताविषयी नाही. ते आहे खेळांच्या नियमांविषयी. आणि तेही अशा खेळांच्या, जे आपण स्वतः रचायचे आहेत.

स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात आपल्याकडे कॅरम होतो, बुद्धिबळ होते, रांगोळी होते, संगीत खुर्ची तर होतेच होते. (प्राध्यापकांच्या संगीत खुर्चीला सर्वांत जास्त गर्दी जमते, हे येथे नमूद केलेच पाहिजे.) उरलेले वर्षभर मधल्या सुट्टीत मोबाईलवर लुडो. यांपैकी एकाही खेळाचा एकही नियम आपण केलेला नाही. नियम वरून यायचा आणि आपण तो पाळायचा किंवा चोरून मोडायचा, एवढेच आपल्याला ठाऊक. मैदानी खेळांत मराठी माणूस असा नव्हता. गावोगाव निरनिराळ्या तऱ्हेने चालणाऱ्या खो-खोचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात लिहून काढले गेले, म्हणून तर नागपूरचा संघ आणि सांगलीचा संघ एका मैदानावर उतरू शकला. डोक्याच्या खेळांच्या बाबतीत मात्र आपण आयत्या पटावर बसणारे!

जुने पट नव्हते असे नाही. देवळाच्या ओट्यावर कोळशाने रेघा ओढून खेळायचा वाघ-बकरीचा डाव घरातल्या म्हाताऱ्यांना विचारला तर अजून निघतो. हा खेळ मला बुद्धिबळापेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो. बुद्धिबळात दोन्ही बाजूंना सारखे सैन्य. येथे एका बाजूला थोडे वाघ आणि दुसऱ्या बाजूला पुष्कळ बकऱ्या. वाघाने उडी मारून खायचे, बकऱ्यांनी एकमेकींना चिकटून वाघाची वाट कोंडायची. बळ सारखे नाही, तरी डाव बरोबरीचा! नेपाळात जो बाघचाल खेळतात त्यात चार वाघ आणि वीस बकऱ्या असतात, आणि दोघांनीही चूक केली नाही तर तो अनिर्णित राहतो, असे संगणकाने हिशेब करून दाखविले आहे. ज्या कुणी तो प्रथम रचला त्याला संगणक कुठला मिळायला? आपल्या जिल्ह्यांत वाघ-बकरी हा नुसता पटावरचा खेळ राहिलेला नाही, हे मोह वेचायला पहाटे जंगलात जाणाऱ्या बायांना विचारावे. पण तो विषय वेगळा.

माझा मुद्दा असा की, हे सारे खेळ दोघांचे. आयुष्यात आपण दोघे-दोघे असे कितीदा बसतो? घरात पाचजण, खोलीत चौघे, बसथांब्यावर तिघे. मग डोक्याचा खेळ तिघांचा का नसावा? तो रचायला बसले की कळते, तिसरा भिडू आला की गणिताची चालच बदलते. हे नुसते सांगून पटणार नाही, म्हणून चिंचोके घ्यावेत.

एकवीस चिंचोक्यांचा ढीग मांडा. दोघांनी पाळीपाळीने एक, दोन किंवा तीन उचलायचे. शेवटचा चिंचोका ज्याच्या हाती तो जिंकला. याची किल्ली सोपी आहे: समोरच्यापुढे नेहमी चारच्या पाढ्यातला आकडा ठेवावा. त्याने एक उचलला तर आपण तीन, त्याने दोन तर आपण दोन, त्याने तीन तर आपण एक. पहिल्याने सुरुवातीलाच एक उचलून वीस ठेवले की डाव त्याचाच. अनेक ढीग मांडून खेळायच्या अशाच खेळाला ‘निम’ हे नाव देऊन त्याचे संपूर्ण गणित चार्ल्स बाउटन या अमेरिकन प्राध्यापकाने १९०१ साली मांडले. दोघांचा खेळ असा मुळापर्यंत सोडविता येतो.

आता तिसरा भिडू बसवा. नियम तोच, पाळी सोमा, मंगरू, चैती या क्रमाने. समजा, पाच चिंचोके उरले आहेत आणि पाळी सोमाची आहे. त्याने एक उचलला तर मंगरूपुढे चार राहतील. मंगरूने काहीही केले तरी एक, दोन किंवा तीन उरतील आणि ते सारे चैती उचलील. सोमाने दोन किंवा तीन उचलले तर उरलेले मंगरू उचलील. म्हणजे सोमा स्वतः जिंकूच शकत नाही. पण कोणी जिंकायचे हे मात्र सर्वस्वी त्याच्या हाती! मग तो काय पाहील? काल चहा कोणी पाजला, नोट्‌स कोणी दिल्या नाहीत, हे पाहील. डाव चिंचोक्यांचा न राहता मनधरणीचा झाला. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना यात नवीन काही वाटणार नाही. हरलेला उमेदवार मते खाऊन कुणाला निवडून आणतो, हे ते दर निवडणुकीत पाहतात.

येथे बहुतेक लोक म्हणतात, तिघांचा खेळ असाच असायचा, त्याला इलाज नाही. मला हे मान्य नाही. दोष सोमाच्या स्वभावाचा नसून नियमाचा आहे. नियमाने सोमाला पणाला लावण्याजोगे काही शिल्लकच ठेवले नाही, म्हणून तो दुसऱ्यांचे भवितव्य ठरवीत बसला. एकच ओळ वाढवून पाहा: शेवटचा चिंचोका उचलणारा पहिला, त्याच्या लगेच आधी ज्याची पाळी होऊन गेली तो दुसरा, राहिलेला तिसरा. आता पाच चिंचोक्यांपुढे बसलेला सोमा काय करील? एक उचलला तर चैती पहिली, मंगरू दुसरा आणि तो स्वतः तिसरा. दोन उचलले तर मंगरू पहिला आणि तो दुसरा. त्याला लहर शिल्लक राहिली नाही, कारण त्याला स्वतःचे काही सांभाळायचे आहे. अनेक भिडूंच्या निमला अशी क्रमवारी लावली की त्याचे गणित पुन्हा सरळ होते, हे १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट ली यांच्या संशोधनातही आहे.

या ओळीनंतर खेळाची किल्ली चारवरून सातवर जाते. ज्याच्यापुढे सातच्या पाढ्यातला आकडा आला तो, बाकीचे नीट खेळले तर, तिसरा. सातने भागून बाकी एक, दोन किंवा तीन राहत असेल तर ज्याची पाळी तो पहिला. बाकी चार, पाच किंवा सहा राहत असेल तर तो दुसरा. गंमत अशी, की दोघांच्या खेळात एकवीस चिंचोक्यांवर सुरुवात करणारा जिंकत होता, तोच तिघांच्या खेळात शेवटी पडतो. हे कागदावर पाठ करण्यापेक्षा एक, दोन, तीन असे लहान ढिगांपासून वर चढत स्वतः करून पाहावे. दहावीत ज्याला पस्तीस गुण पडले त्यालाही ते जमते. बेरीज-वजाबाकीपलीकडे त्यात काही नाही.

तरीही एक फट राहतेच. दोघांनी आधी बाहेर ठरवून तिसऱ्याला पाडायचे म्हटले तर? जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांनी १९४४ सालच्या आपल्या जाडजूड ग्रंथात तिघांच्या खेळाचा जो विचार केला, तो नेमका या युतीचाच. बारा पायली मोह तिघांत वाटायचा आहे आणि कोणत्याही दोघांचे जमले की वाटणी पक्की, असा नियम समजा. सोमा-मंगरू सहा-सहा घेतात, चैतीला शून्य. चैती मंगरूला म्हणते, तू सात घे, मला पाच पुरेत. आता उपाशी राहिलेला सोमा चैतीला म्हणतो, तुला सहा, मला सहा. हे चक्र कुठेच थांबत नाही. बहुमताच्या नियमात बाहेर पडलेला एकजण नेहमीच असतो आणि तो डाव नेहमीच उलथू शकतो.

याला दुसरा नियम काय असू शकतो, हे पाहायला आपल्याला परदेशी ग्रंथ नको. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाने बहुमत सोडून सर्वसहमतीने निर्णय घेण्याचा रिवाज पाडला. एकाचेही ‘नाही’ असेल तर बोलणे पुढे चालू. याच गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्यांच्यापुढे प्रश्न जंगलाचा आणि पोटाचा होता, खेळाचा नव्हे; पण नियम रचणाऱ्याने त्याकडे जरूर पाहावे. सर्वसहमतीत तिसऱ्याला उपाशी ठेवता येत नाही. तिची किंमतही आहे: एखादा अडेलतट्टू निघाला तर सगळे बसून राहतात. कोणता नियम बरा हे खेळावर अवलंबून आहे. परंतु प्रत्येक नियम कुणाला तरी बळ देतो आणि कुणाचे तरी काढून घेतो, हे चिंचोक्यांवर शिकलेला मुलगा उद्या ग्रामसभेत बसला तर गप्प राहणार नाही, असे मला वाटते.

आता भाषेकडे येतो, कारण तेथे आपण कला शाखेवाले कुणाला हार जाण्याचे कारण नाही. चिंचोक्यांचा नियम मी मुद्दाम ‘एक, दोन किंवा तीन’ असा लिहिला. बोलताना आपण सहज म्हणतो, ‘तीनपर्यंत उचलावेत’. पण शून्यसुद्धा तीनच्या आतच येते! ‘मी शून्य उचलले’ म्हणून कुणी हात झटकले तर डाव जन्मात संपायचा नाही. एका शब्दाने खेळ बुडतो. नियमात ‘आपण’ हा शब्दही नको. ‘आपण दोन उचलावेत’ म्हणजे तुम्ही की आपण सगळ्यांनी मिळून? ज्यांच्या घरी माडिया किंवा गोंडी बोलतात त्यांनी तर नियम एकदा आपल्या बोलीत सांगून पाहावा. मराठीत जी संदिग्धता झाकून जाते ती तेथे हटकून उघडी पडते.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. मोठी पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही, आणि ६१७४ या संख्येमुळे आज जगभरचे गणिती त्यांचे नाव घेतात. चार अंक घ्या, चारही सारखे नकोत. त्यांची मोठ्यांत मोठी संख्या करून तीतून लहानांत लहान वजा करा. उत्तराच्या अंकांचे पुन्हा तेच करा. ३५२४ घेतले तर ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७, पुढे ८३५२, आणि मग ६१७४. कोणतेही अंक घ्या, सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतेच. कापरेकरांचा हा एकट्याचा छंद चौघांचा खेळ करता येईल, असे मला सुचते. चौघांनी एकेक अंक गुपचूप चिठ्ठीवर लिहायचा आणि खाली किती पायऱ्या लागतील याचा अंदाज; मग चिठ्ठ्या उघडून वजाबाक्या करायच्या. ज्याचा अंदाज बरोबर त्याला एक गुण. अंक कुणाचा कुठे बसतो याला महत्त्व नाही, कारण ते लावून घ्यायचेच आहेत. पण चौघांनीही नऊ लिहिले तर? वजाबाकी शून्य! आणि १११२ आले तर उत्तर ९९९ धरायचे की ०९९९? पहिल्या प्रसंगी डाव रद्द, दुसऱ्या प्रसंगी पुढे शून्य मांडायचे, हे कागदावर आधीच लिहिलेले असले पाहिजे. नियम लिहिणाऱ्याची परीक्षा अशाच कोपऱ्यांत होते.

गल्लीतल्या पोरांनी मात्र एक नियम आपल्या सर्वांच्या आधी करून ठेवला आहे: कच्चे लिंबू. लहान भावंडाला खेळात घ्यायचे, पळू द्यायचे, पण बाद झाले तरी राज्य द्यायचे नाही. जो कमी पडतो त्याला बाहेर बसविण्याऐवजी त्याच्यापुरता नियम सैल केला. गणिताच्या तासाला आपल्यापैकी कितीजण असेच कमी पडणारे होते. फरक एवढाच, की आपल्यासाठी नियम सैल झाला नाही, आपण बाहेर बसलो. तिघाचौघांच्या नव्या खेळात कच्च्या लिंबाची जागा कोणती, याचा विचार रचणाऱ्याने केलाच पाहिजे.

काही वडीलधारे म्हणतील, चिंचोके आले की पैसे येतील आणि महाविद्यालयाचा कोंबडबाजार होईल. भीती अगदीच खोटी नाही. आपल्या भागात कोंबडबाजार कुठे भरतो हे सांगायला कुणाला नकाशा लागत नाही. परंतु सट्टा आणि हा खेळ यांत मूळचाच फरक आहे. सट्ट्याचा नियम दुसरा कुणीतरी लिहितो आणि त्यात खेळणाऱ्याला हिशेब करण्याजोगे काही ठेवत नाही. येथे नियम खेळणाऱ्याचा आणि हिशेबही त्याचाच. पैसे लावू नयेत, ही ओळ कागदावर सर्वांत वर लिहावी.

म्हणून माझी सूचना अशी: पुढील स्नेहसंमेलनात कॅरमशेजारी एक टेबल स्वरचित खेळांसाठी द्यावे. खेळ तीन किंवा अधिक भिडूंचा असावा. साहित्य विकत आणलेले नसावे. चिंचोके, खडे, बांबूच्या कामट्या, जे हाताशी असेल ते. नियम एका पानावर, मराठीत. आणि परीक्षण असे व्हावे: रचणाऱ्याने तोंड मिटून बाजूला बसायचे, ज्यांनी खेळ कधी पाहिला नाही अशा तिघांच्या हाती कागद द्यायचा, आणि ते किती वेळा मान वर करून त्याच्याकडे पाहतात ते मोजायचे. ज्याच्याकडे सर्वांत कमी वेळा पाहिले गेले त्याला बक्षीस.

पहिला खेळ म्हणून वरील चिंचोक्यांचा डाव मी ठेवायला तयार आहे. फक्त तिघांऐवजी चौघे बसविले तर सातच्या जागी कोणता आकडा येतो, हे मी येथे सांगणार नाही. वाचनालयामागच्या चिंचेखाली चिंचोके पुष्कळ पडलेले आहेत.