मुंज्याने हिंदी का बोलावे?

१५ ऑगस्ट २०२४ रोजी ‘स्त्री २’ पडद्यावर आला. चंदेरीसारख्या लहान गावावर ‘सरकटा’ हे शिर नसलेले पिशाच चालून येते, बायकांना उचलून नेते, आणि प्रेक्षक भिता भिता हसतात. दिल्लीतील मराठी मंडळी तो सहकुटुंब पाहून आली. त्याबद्दल आमची तक्रार नाही. चंदेरीचे भूत हिंदीच बोलणार. परंतु त्याच मालिकेत, त्याच वर्षी जूनमध्ये आलेला ‘मुंज्या’? सोडमुंजीआधी मेलेला, पिंपळावरचा, अस्सल कोकणातला मुंज्या. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. आणि भाषा हिंदी! याच सरपोतदारांनी २०२२ साली ‘झोंबिवली’ काढून डोंबिवलीवर चालत्या मढ्यांची धाड घातली होती, तीही मराठीत. असा चित्रपट मंडळात दाखवावा असे आम्ही सुचविले की हीच मंडळी नाक मुरडतात. म्हणे, भुताखेतांचा पोरखेळ कशाला! चंदेरीचे भूत तेवढे करमणूक, आणि डोंबिवलीचे पोरखेळ? इकडे आमच्या मुलांना मुंज्या म्हणजे काय हे आजीऐवजी हिंदी पडदा सांगतो. येत्या गणेशोत्सवात ‘झोंबिवली’ लावाच. नाक मुरडणाऱ्यांनी हवे तर मागच्या रांगेत बसावे; भीती तेथेही वाटेल.